जर्मेनियम ट्रेबल बूस्टर: वापर आणि निगा

१९६० च्या दशकाच्या मध्यास लंडनच्या डॅलस कंपनीने ‘रेंजमास्टर’ नावाची, गिटारच्या आवाजातील वरचे सूर (ट्रेबल) वाढवणारी धातूची छोटी पेटी बाजारात आणली. ती पायाखाली नव्हे, तर ॲम्पच्या (ॲम्प्लिफायरच्या) डोक्यावर ठेवण्यासाठी बनवलेली होती. आज मिळणाऱ्या तिच्या प्रतिकृती पेडलच्या (पायाने दाबायच्या पेटीच्या) रूपात असल्या, तरी या बूस्टरला ॲम्पचाच पुढचा भाग समजून वापरणे श्रेयस्कर ठरते. आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघर यांनी तो व्हॉक्स एसी ३० या ॲम्पला जोडला, त्यामागेही हेच कारण होते: ॲम्पचा आवाज आधीच फाटून खरखरीत होण्याच्या बेतात असेल, तर बूस्टर त्याला पुढे ढकलतो, अगदी स्वच्छ ॲम्पवर मात्र तो केवळ कर्कश वाटतो.

जोडणी करताना गिटारची केबल थेट बूस्टरमध्ये यावी. याचा इनपुट इम्पीडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा विद्युत विरोध) कमी असल्याने गिटारच्या पिकअपशी (तारांची कंपने टिपणाऱ्या भागाशी) त्याचे नाते जुळते, आणि मध्ये बफर (सिग्नल वेगळा करून पुढे देणारा टप्पा) असलेले पेडल किंवा वायरलेस आले की ते तुटून आवाज काचेसारखा टोचू लागतो. ॲम्पचा ट्रेबल थोडा कमी करावा, बूस्ट पूर्ण ठेवावा आणि आवाजातील खरखर गिटारच्या व्हॉल्यूमने कमी-जास्त करावी; खरी गंमत त्या नॉबवरच आहे.

मूळ मंडलात (सर्किटमध्ये) ‘ओसी ४४’ हा जर्मेनियमचा, पीएनपी प्रकारचा ट्रान्झिस्टर आहे, त्यामुळे बॅटरीचे धन टोक अर्थला (मंडलाच्या सामाईक शून्य बिंदूला) जोडलेले असते. अशी प्रतिकृती इतर पेडलांसह एकाच ॲडॉप्टरवर लावल्यास केबलच्या जाळीतून शॉर्ट होतो, म्हणून वेगळी ९ व्होल्टची बॅटरीच बरी. प्रतिकृती एक मिलिअँपिअरहून कमी प्रवाह घेते, त्यामुळे बॅटरी महिनोन्‌महिने चालते. झिंक-कार्बन बॅटरीचा आग्रह अनेक जण धरतात. मला फरक ऐकू आलेला नाही, आणि ती गळण्याची भीती जास्त. बॅटरी बदलताना टोके उलटी लागू देऊ नयेत, आणि वापर संपल्यावर केबल काढून ठेवावी, कारण अनेक प्रतिकृतींमध्ये इनपुटला केबल लावताच वीज सुरू होते.

जर्मेनियमचा खरा शत्रू उष्णता. तापमान वाढले की ट्रान्झिस्टरमधून गळणारा प्रवाह वाढतो, बायस (ट्रान्झिस्टरची ठरवलेली कार्यस्थिती) ढळतो आणि सूर घुसमटतो. मे महिन्यातील नागपूरच्या खुल्या मंचावर हा अनुभव हमखास येईल. पेटी उन्हात किंवा व्हॉल्व्ह ॲम्पच्या तापलेल्या जाळीवर ठेवू नये, मूळ जागा तीच असली तरी. शंका आल्यास ताजी बॅटरी लावून, साधारण २५ अंशांच्या खोलीत, मल्टिमीटरने अर्थ आणि कलेक्टर (ट्रान्झिस्टरचा एक पाय) यांमधील व्होल्टेज मोजावे. ते उणे ७ च्या आसपास असावे. शून्याकडे सरकलेले दिसल्यास गळती वाढलेली असते; ट्रिमर (आतला छोटा जुळवणीचा स्क्रू) असल्यास तो हळूहळू फिरवून सुधारावे.

बूस्टचा नॉब फिरवताना होणारी हलकी करकर घाबरण्यासारखी नाही, कारण १० किलोओमचा तो पॉट (नॉबखालचा बदलता रोधक) स्वतःच कलेक्टरचा भार असून त्यातून एकदिश प्रवाह वाहतो. ती फारच वाढली, तर कॉन्टॅक्ट क्लीनर पुरेसा असतो. जोर एकाएकी कमी झाला असेल, तर एमिटर या ट्रान्झिस्टरच्या दुसऱ्या पायाजवळचा ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वाळला असल्याची शक्यता तपासावी. ट्रान्झिस्टर सोल्डर करताना त्याच्या पायांवर चिमटा धरून उष्णता शोषून घ्यावी. काचेच्या जुन्या ट्रान्झिस्टरवरचा काळा रंग खरवडू नये, कारण उघड्या काचेतून प्रकाश आत शिरला तरी गळती वाढते.