रिकामं फॅट आणि शून्य फॅट

जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकत असतानाच कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका छोट्या ऑफिसात मला नोकरी लागली. पहिलं काम मिळालं करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या बिलांचं. दर दहा दिवसांनी सभासदाला लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आणि रक्कम छापलेली चिठ्ठी द्यायची.

एके दिवशी सकाळच्या संकलनात वीज गेली आणि फॅटचं मशीन बंद पडलं. सचिवांनी लिटर तेवढे लिहिले, फॅटचा रकाना मोकळा ठेवला. डेटाबेसमध्ये तिथं 'नल', म्हणजे 'नोंदच नाही', असं पडलं, ते बरोबरच होतं. चूक माझ्या कोडमध्ये होती. मी तो आकडा 'गेटडबल' या आज्ञेनं वाचत होतो. जावाच्या जेडीबीसीत, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या सोयीत, 'गेटडबल' आणि 'गेटइंट' नलच्या जागी शून्य हातात ठेवतात. एरर येत नाही. फॅट शून्य, म्हणून दर शून्य. बिलवाटपाला एक आक्का चिठ्ठी माझ्यापुढं धरून म्हणाल्या, "काय रं पोरा, माझ्या म्हशीनं त्या दिशी पाणी दिलं व्हय?" सहा लिटरांपुढं ०.०० छापलेलं. मला बोलायला तोंड नव्हतं.

म्हणून असा रकाना वाचला की लगेच 'वॉजनल'ला विचारा, आत्ता वाचलं ते नल होतं का, नाहीतर 'गेटबिगडेसिमल' वापरा. तो नलला नलच ठेवतो. त्या दिवसाचं फॅट काय धरायचं हे सचिवांनी ठरवलं, आदल्या तीन दिवसांची सरासरी. ते कोडनं परस्पर ठरवायचं नसतं.

पैशांसाठी टेबलात 'डेसिमल', कोडमध्ये 'बिगडेसिमल' वापरा, हे दोन्ही दशांश आकडा नेमका ठेवणारे प्रकार. मात्र बिगडेसिमल थेट ०.१ या डबलमधून (डबल म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) बनवलात तर दशांशाच्या अठराव्या घरात ५ डोकावतो. '०.१' ही स्ट्रिंग, म्हणजे मजकूर म्हणून, द्या, म्हणजे आकडा चोख येतो. राउंडिंग कुठल्या टप्प्यावर करायचं हेही संस्थेला विचारून घ्या, आणि ते एकदाच करा. प्रत्येक ओळीला केलं तर दहा दिवसांच्या बेरजेत पैसे इकडंतिकडं होतात.

मोबाइल नंबर आणि सभासद क्रमांक हे आकडे दिसले तरी मजकूरच. ३२ बिटांच्या 'इंट' या पूर्णांकाच्या प्रकाराची मजल २१४७४८३६४७ पर्यंत, आपले दहा आकडी मोबाइल नंबर ६ ते ९ नं सुरू होतात, म्हणजे त्यात मावत नाहीत. आणि '००७' चा '७' झाला की जुन्या वहीशी मेळ बसत नाही.

तारखेचा घोळ मला सगळ्यात उशिरा कळला. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, होता, आपण साडेपाच तास पुढं. पहाटे ५:१० ला घातलेलं दूध तिथं आदल्या रात्रीच्या ११:४० ला जमा व्हायचं, म्हणजे आदल्या तारखेला. महिन्याच्या ११ तारखेची धार मागच्या बिलात जायची. आता संकलनाची तारीख मी वेगळ्या 'डेट' रकान्यात ठेवतो, 'लोकलडेट' या नुसती तारीख धरणाऱ्या प्रकारानं वाचतो आणि पाळी, सकाळ की संध्याकाळ, शेजारी लिहितो.

नवीन टेबल आलं की आधी दोन ओळी हातानं घालतो: एक ५:१० ची, एक फॅट नसलेली. त्यांची चिठ्ठी छापून सचिवांना दाखवतो, मगच पुढचा कोड.