टर्बो सी++ टाकताय? आधी या चुका टाळा

टर्बो सी++ म्हणजे सी आणि सी++ चे प्रोग्रॅम लिहून चालवायचं जुनं सॉफ्टवेअर, बोलताना नुसतं टर्बो सी. परवा भाच्याचा फोन आला. “मामा, टर्बो सी टाकलं, प्रोग्रॅम लिहिला, पण कंट्रोल-एफ 9 दाबलं की अख्खी विंडोच गायब होते. व्हायरस असेल का?”

व्हायरस नव्हता. म्हणजे होता, पण तो वेगळा, त्याच्याकडे येतोच. टर्बो सी 16-बिट आहे आणि 64-बिट विंडोजवर 16-बिट प्रोग्रॅम चालतच नाहीत, म्हणून ते डॉसबॉक्सच्या (जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) पोटात बसवून चालवावं लागतं. आणि टर्बोत प्रोग्रॅम रन करायची जी की, नेमकी तीच डॉसबॉक्स बंद करायची की! टर्बोपर्यंत ती पोचतच नाही. सेव्ह न केलेला प्रोग्रॅम गेलाच समजा. यावर साधा उपाय म्हणजे ऑल्ट-आर दाबून रन मेनू उघडायचा आणि एंटर मारायचं. कायमचा बंदोबस्त हवा असेल तर डॉसबॉक्समध्ये कंट्रोल-एफ 1 दाबून कीमॅपर उघडा आणि बंद करण्यासाठी दुसरी की ठरवा. तोवर दर दोन ओळींनी एफ 2, म्हणजे सेव्ह.

आता तो दुसरा व्हायरस. पठ्ठ्याने ‘टर्बो सी फ्री डाउनलोड’ असं शोधलं आणि समोर आलेलं मोठं हिरवं बटण दाबलं. टर्बो आलं, सोबत दोन ‘क्लीनर’ही आले आणि ब्राउझरचं होमपेज बदललं. म्हणाला, “इतकं जुनं आहे, आता ते सगळ्यांचंच ना?”

मुळात चूक इथे होते. सॉफ्टवेअर विकायचं बंद झालं म्हणून त्याचा कॉपीराइट संपत नाही. आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीतच मोडतो. नेटवर ज्याला ‘अबँडनवेअर’ (मालकाने विकणं सोडून दिलेलं सॉफ्टवेअर) म्हणतात, तसला प्रकार त्या कायद्यात नाही. मालकाने स्वतः ‘घ्या’ म्हटलं आहे का, एवढाच प्रश्न. टर्बो बनवणाऱ्या बोरलँड कंपनीने पहिलं टर्बो सी++ 1990 मध्ये आणलं आणि पुढे आपल्या काही जुन्या आवृत्त्या स्वतःच मोफत दिल्या. त्यात टर्बो सी 2.01 होतं, टर्बो सी++ 1.01 होतं. पण आपल्याकडच्या लॅबमध्ये जे सर्रास दिसतं ते 3.0, आणि ते त्या मोफत यादीत नव्हतं! 2008 मध्ये बोरलँडचा हा धंदा एम्बारकाडेरो कंपनीकडे गेला, तेव्हा मालक आता ते. प्रोग्रॅमच्या वर इन्क्लूड करतात त्या आयोस्ट्रीम डॉट एच, कोनिओ डॉट एच या फाइली 1.01 मध्येही आहेत. पहिल्या वर्षाच्या जर्नलला आणखी काय लागतं?

कॉलेजच्या लॅबमधून पेनड्राइव्हवर फोल्डर उचलून आणणं हीही तीच चूक. लायसन्स असलंच तर ते कॉलेजचं, तुमच्या घरच्या लॅपटॉपचं नव्हे. व्हीबी 6 (मायक्रोसॉफ्टचं जुनं व्हिज्युअल बेसिक) लागणाऱ्यांनी लॅबवाल्या सरांना विचारावं: मायक्रोसॉफ्ट ते व्हिज्युअल स्टुडिओच्या सबस्क्रिप्शनमध्ये देते, आणि कॉलेजकडे ते असू शकतं. पायथॉन 2 ची तर काळजीच नको, शेवटचं 2.7.18 पायथॉनच्या स्वतःच्या साइटवर आहे.

डाउनलोड नीट झालं तरी पहिल्याच दिवशी ‘इन्क्लूड फाइल उघडता येत नाही’ अशी एरर येते. मुलं लगेच दुसरीकडून नवी झिप उतरवतात. कॉपी खराब नसते हो! ऑप्शन्समध्ये डिरेक्टरीजवर जा आणि इन्क्लूड व लिबचे पत्ते बघा. फोल्डर एका नावाचं आणि पत्ता दुसऱ्याच नावाचा, एवढाच घोळ असतो. ग्राफिक्सच्या प्रोग्रॅमला ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ आलं तर लिंकरच्या लायब्ररीजमध्ये ग्राफिक्स लायब्ररीवर खूण आहे का पाहा.

आणि मुळात जुनंच हवं का, हे सरांना एकदा विचाराच. टर्बोतला इंट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) 16 बिटांचा, 32767 च्या पुढे जात नाही. 7 चा फॅक्टोरियल 5040 बरोबर येतो, 8 चा मात्र 40320 ऐवजी उणे 25216! भाच्याने यावर अख्खी संध्याकाळ घालवली, लूप तीनदा लिहून काढला. लूप पहिल्यापासून बरोबर होता. इंटच्या जागी मोठ्या आकड्यांचा लाँग केला आणि उत्तर आलं. जीसीसी या आजच्या सी-सी++ कंपायलरवर (प्रोग्रॅम चालवण्याजोगा करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) हा गोंधळ होत नाही, ते कायदेशीर आहे आणि फुकटही. फक्त तिथे व्हॉइड मेन चालत नाही, क्लिअरस्क्रीनची ओळ काढावी लागते आणि आयोस्ट्रीमपुढचं ‘डॉट एच’ जातं, कारण सी++ चं पहिलं प्रमाण 1998 मध्ये ठरलं आणि टर्बो त्याच्या कितीतरी आधीचं.

भाच्याच्या मॅडम मात्र टर्बोवरच अडून आहेत. तेव्हा तो घरी जीसीसीवर लिहितो आणि सबमिशनच्या आधी एवढ्या ओळी बदलून 1.01 वर रन करून बघतो. ऑल्ट-आर, एंटर.