सुई आत गेली, पण कुणाच्या?

सोलापुरात आमचं घर पूर्व भागात. भिंतीपलीकडे यंत्रमाग, गल्लीच्या टोकाला सूत रंगवायचा कारखाना. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून मी माशाच्या दृष्टिपटलातल्या ग्लायल पेशींची, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींची, वीज मोजायला परगावी गेले, तेव्हा आजीला एवढंच कळलं की नात माशाच्या डोळ्यात सुया खुपसते. तसं ते खोटं नव्हतं.

या वाटेने येणाऱ्यांनी आधी एक गणित करावं. दृष्टिपटलात आरपार उभ्या असतात त्या म्युलर पेशी, तिथल्या मुख्य ग्लायल पेशी. चेतापेशींसारखे विजेचे ठोके त्या देत नाहीत. त्यांच्या पेशीपटलातून मुख्यतः पोटॅशियमच ये-जा करतं. म्हणून नर्न्स्टचं समीकरण घ्या; पेशीच्या आतबाहेरच्या प्रमाणाच्या लॉगवरून ते पटलावरचा विद्युतदाब सांगतं. पोटॅशियम आत १०० मिलिमोलर, बाहेर ३, तर उत्तर सुमारे उणे ८८ मिलिव्होल्ट. बाहेर ३० केलं की उणे ३०. ग्लायल पेशी या गणितात किती चपखल बसतात, हे कुफ्लर, निकल्स आणि ऑर्कंड यांनी १९६६ साली मडपपीच्या दृष्टिचेतेवर दाखवलं. मडपपी म्हणजे पाण्यात राहणारा सॅलॅमँडर, बेडकासारखा उभयचर, मासा नव्हे. पण शिकायला सुरुवात तिथूनच करा. लॉग विसरला असाल तर बारावीचं पुस्तक काढा, लाजू नका.

मी आपटले ते पुढेच. पहिले काही महिने काचेच्या नळ्या तापवून बारीक सुया ओढण्यात आणि वायरिंगमधल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर अर्थिंगने घालवण्यात गेले. टेबल जरा हललं की सुई पेशीबाहेर. (मागांच्या धडधडीत झोपलेल्या मुलीला स्थिर टेबल म्हणजे काय ते तिथे कळलं.) मग एकदा सुई आत टिकली. ठोके नाहीत, प्रतिसाद संथ. "ग्लायल पेशी!" मी ओरडले. मार्गदर्शकांनी पडद्याकडे बघून विचारलं, "अंधारात किती?" उणे ३०, ग्लायल पेशीच्या उणे ८८ च्या आसपासही नाही. उजेड पडला की आणखी उणे. म्हणजे ती आडवी पेशी (हॉरिझॉन्टल सेल) होती, ठोके न देणारी, पण चेतापेशीच.

ही चूक थोरांनाही चुकली नाही. स्वेटिचिन यांनी १९५३ साली माशांच्या दृष्टिपटलात असेच संथ प्रतिसाद नोंदवले आणि ते शंकूपेशींचे समजले. पुढे तर आडव्या पेशी ग्लायलसारख्याच आहेत, असं त्यांनी मांडलं. कानेको यांनी १९७० मध्ये गोल्डफिशच्या पेशींत नोंद घेतल्यावर सुईतूनच प्रोसिऑन यलो हा पिवळा रंग पेशीत सोडला, तेव्हा कुठली नोंद कुठल्या पेशीची हे डोळ्यांनी दिसलं. प्रोसिऑन हे मुळात सुती कापडाचे रंग. सुट्टीत मी गल्लीतल्या रंगारी काकांना हे सांगितलं. त्यांचा एकच प्रश्न: "धुतल्यावर टिकतो का?" टिकतो, काका, पेशीतल्या प्रथिनांना तो धरून बसतो.

तेव्हा आकडा मिळाला म्हणून पेशीचं नाव वहीत लिहू नका. रंग भरा, काप काढा, मग लिहा.

जिवंत माशांवरचं काम संस्थेच्या नैतिकता समितीच्या परवानगीशिवाय करायचं नाही. पण हात बसवायला सोलापूर पुरे. बाजारात उजनीची चिलापी येते. विकणाऱ्या मावशींकडून डोकी मागून घ्या, डोळे फॉर्मॅलिनमध्ये ठेवा, काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली थर ओळखा. रविवारी मात्र लवकर जा, कालवणासाठी डोक्यांना गिऱ्हाईक असतं.