३१ मार्च २०१३ च्या आत सेट टॉप बॉक्स: इंदूरच्या मराठी घरांसाठी

(हे मार्च २०१३ मध्ये लिहिलेलं आहे, यातले नियम, भाव आणि चॅनलांची नावं तेव्हाची.) केबलवाल्याची चिठ्ठी एव्हाना बहुतेकांच्या घरी येऊन पडली असेल, की ३१ मार्च २०१३ नंतर डब्ब्याशिवाय, म्हणजे सेट टॉप बॉक्सशिवाय, केबलचा टीव्ही चालणार नाही. ही अफवा नाहीये, खरंच बंद होणार आहे. २०११ मध्ये केबल टीव्हीच्या कायद्यात बदल झाला आणि चार टप्प्यांत देशभरातली ॲनालॉग केबल, म्हणजे डब्ब्याशिवाय चालणारी जुनी केबल, बंद करायचं ठरलं, पहिल्या टप्प्यात दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई होते आणि आता दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरं आहेत, त्यात आपल्या मध्य प्रदेशातून इंदूर, भोपाळ आणि जबलपूर. ग्वाल्हेरवाल्यांना अजून वेळ आहे, ते पुढच्या टप्प्यात. आपल्याला मात्र वेळ नाही, कारण ३१ ला रविवार आहे आणि त्याच आठवड्यात होळी, इयर एंडिंग, पोरांच्या परीक्षा सगळं एकदम येऊन राहिलंय, तेव्हा शेवटच्या दिवसांत केबलवाल्याचा माणूस हाताला लागणार नाही असंच धरून चाला.

आता मुद्द्याचं. डब्बा जोडणं सोपं आहे हो, तो माणूस येईल आणि पाच-दहा मिनिटांत लावून जाईल. खरं काम आहे फॉर्म भरायचं, आणि आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसांनी तर तो फॉर्म स्वतः, चष्मा लावून, शांतपणे भरायला हवा. का ते सांगतो. आत्तापर्यंत ॲनालॉगमध्ये एका फ्रिक्वेन्सीवर एकच चॅनल बसायचा, म्हणून वायरीत जागा कमी, आणि जे काही चॅनल असतील ते कॉलनीतल्या सगळ्या घरांत सारखेच यायचे. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर अशा भागांत मराठी घरं भरपूर, त्यामुळे लोक मागे लागून लागून झी मराठी, ई टीव्ही मराठी लावून घ्यायचे आणि एकाने भांडून घेतलं की शेजारच्या दहा घरांना आपोआप मिळायचं. डिजिटलमध्ये तसं नाही. त्याच एका फ्रिक्वेन्सीत आता बरेच चॅनल मावतात, जागेची अडचण संपली, पण प्रत्येक चॅनल कुलूपबंद येतो आणि तुमच्या डब्ब्यातल्या कार्डाच्या नावावर तो लिहिलेला असेल तरच उघडतो. म्हणजे शेजारच्या काकूंकडे मराठी दिसतं म्हणून तुमच्याकडे दिसेल असं नाही. केबलवाल्याने आणलेल्या फॉर्मवर नुसती सही केली आणि सगळ्यात स्वस्त पॅकवर टिक झाली, तर १ एप्रिलला हिंदी चॅनलांचा ढीग असेल आणि आजीची सिरियल गायब.

म्हणून आधी घरात बसून एका कागदावर यादी करा. कोण काय बघतं ते विचारा, सगळ्यांना विचारा, कामाला येणाऱ्या मावशी दुपारी काय बघतात तेसुद्धा. झी मराठी, स्टार प्रवाह, ई टीव्ही मराठी, झी टॉकीज, बातम्यांसाठी एबीपी माझा, आयबीएन लोकमत, झी २४ तास, साम आणि आपला सह्याद्री. यातले तुमच्या घरात खरंच बघितले जाणारे किती ते ठरवा, कारण जो चॅनल आपण फक्त उड्या मारताना बघतो त्याचे दर महिन्याला पैसे कशाला द्यायचे.

यादी हातात आली की केबलवाल्याला पैसे द्यायच्या आधी एक प्रश्न विचारायचा: हे सगळे तुमच्या कंट्रोल रूममधून येतात का? कारण जो चॅनल केबल कंपनी मुळात पाठवतच नाही तो कुठल्याही पॅकमध्ये मिळणार नाही, आणि “हां भिया, सब आएगा” या तोंडी उत्तरावर विसंबू नका, छापील यादी मागा. त्याहून बरं म्हणजे गल्लीत ज्यांच्याकडे त्याच कंपनीचा डब्बा आधीच बसलाय त्यांच्याकडे जाऊन चहा घ्या आणि रिमोटने एकदा शेवटपर्यंत फिरून बघा. मराठी चॅनल बऱ्याचदा अगदी खाली, तमिळ-बंगालीच्या जवळ कुठेतरी क्षेत्रीय भागात टाकलेले असतात, तेव्हा धीर धरून खालपर्यंत जा.

पैशाचं थोडक्यात. ट्राय, म्हणजे केबल-टेलिकॉमवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, तिचा २०१३ मधला नियम असा की बेसिक पॅकमध्ये निदान १०० फ्री चॅनल द्यायचे आणि त्याचे महिन्याला १०० रुपयांहून जास्त घ्यायचे नाहीत, टॅक्स वेगळा. झी मराठीसारखे पैसेवाले चॅनल यावर. आणि हे लक्षात ठेवा की पैसेवाले चॅनल सुट्टेसुद्धा द्यायलाच लागतात, पॅकच घ्या अशी सक्ती नाही. पण सुट्टे चार-पाच घेतले की कधी कधी पॅक स्वस्त पडतो, म्हणून दोन्हीचा हिशोब कागदावर मांडून बघा. फॉर्मवर पॅकचं नाव आणि सुट्टे चॅनल स्वतःच्या हाताने लिहा, मोबाइलने फोटो काढून ठेवा, मगच द्या.

डब्बे किती लागतील? जितके टीव्ही तितके. एकाच डब्ब्यातून वायर फाडून दुसऱ्या खोलीत नेता येते, पण मग दोन्हीकडे तोच चॅनल दिसणार, आजोबांच्या बातम्या आणि पोरांचं कार्टून एकाच वेळी होणार नाही. एप्रिलच्या ३ तारखेपासून आयपीएल आहे, तेव्हा हा विचार आत्ताच केलेला बरा. डब्बा विकत, हप्त्याने किंवा भाड्याने असे तिन्ही प्रकार असतात, विकत घेतला तर २०१३ च्या भावाने हजाराच्या आसपास धरा. दुसऱ्या कंपनीकडे तो चालत नाही, म्हणून भाड्याच्या घरात असाल आणि वर्षभरात बदलणार असाल तर विकत घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. पावती घ्याच, आणि त्यावर डब्ब्याचा सिरियल नंबर आणि कार्डचा नंबर दोन्ही लिहून घ्या. आयएसआयचा शिक्का डब्ब्यावर आहे का तेही बघा.

मग आपला टीव्ही. खूप जण घाबरून नवीन टीव्ही घ्यायला महाराणी रोडला जाऊन राहिलेत, काही गरज नाही. जुना, मोठ्या पाठीचा टीव्हीसुद्धा डिजिटलवर उत्तम चालतो. फक्त त्याची मागची बाजू बघा, तिथे पिवळी, पांढरी, लाल अशी गोल भोकं असतील तर डब्ब्यासोबत येणारी तीन रंगांची वायर रंगाला रंग लावून बसवायची, झालं. फक्त पिवळं आणि पांढरंच असेल तर तुमचा टीव्ही एकाच स्पीकरचा आहे, लाल पिन मोकळी सोडून द्या. काही टीव्हीत ही भोकं पुढे झाकणाखाली किंवा बाजूला लपलेली असतात, नीट शोधा. आणि फारच जुना सेट असेल, मागे फक्त अँटेनाची एकच जागा असेल, तर केबलवाल्याला आधीच सांगा की आरएफ आउट असलेला, म्हणजे अँटेनाच्या जागेत वायर लावता येईल असा, डब्बा हवा, नाहीतर मध्ये मॉड्युलेटर नावाची छोटी डबी लावायला लागते, ती इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. नवीन पातळ टीव्ही असेल आणि डब्ब्याला एचडीएमआय असेल तर तीच वायर वापरा, चित्र जास्त स्वच्छ येतं.

वायरीकडे मात्र दुर्लक्ष नको. ॲनालॉगमध्ये सिग्नल कमी असला तर मुंग्या यायच्या, पण चित्र कसंतरी दिसायचं, आवाज यायचा, काम भागायचं. डिजिटलमध्ये अर्धवट काही नसतं, सिग्नल पुरेसा असेल तर चित्र चकाचक आणि थोडा कमी पडला की चौकोन चौकोन होऊन सगळं जागच्या जागी थिजतं. गच्चीवरून येणारी वायर वर्षानुवर्षं उन्हात तडकलेली, मध्ये दोन ठिकाणी नुसती पिळून टेप लावलेली, अशी बहुतेक घरांत असते. डब्बा लावायला माणूस येईल तेव्हाच त्याच्याकडून ते पिळलेले जॉइंट काढून नीट कनेक्टर बसवून घ्या, घरात नको असलेले स्प्लिटर, म्हणजे एका वायरीच्या दोन-तीन करणाऱ्या डब्या, काढून टाका. आणि टीव्हीजवळ प्लगची एक जागा जास्तीची लागणार आहे, तीही बघून ठेवा.

केबल नकोच असेल तर? डीटीएच, म्हणजे गच्चीवरच्या छत्रीने (डिशने) थेट उपग्रहावरून येणारा टीव्ही, आधीपासून डिजिटलच आहे, त्यांना ३१ मार्चचा काही संबंध नाही. घर बदललं तर छत्री सोबत नेता येते हा मोठा फायदा, पण जोराच्या पावसात चित्र जातं आणि लोकल केबलवरचं इंदूरचं चॅनल मिळत नाही, ज्यांना रंगपंचमीची गेर (मिरवणूक) घरबसल्या बघायची सवय आहे त्यांनी हे ध्यानात घ्या. आणि ज्यांना महिन्याचा खर्चच नकोय त्यांच्यासाठी दूरदर्शनचं डीडी डायरेक्ट प्लस आहे, एकदा छत्री आणि डब्बा घेतला की महिन्याचे पैसे शून्य, त्यात सह्याद्री येतं. इंदूरहून त्याची छत्री आग्नेयेला करायची, त्या बाजूला उंच बिल्डिंग किंवा मोठं झाड आडवं येत नाही ना ते आधी गच्चीवर जाऊन बघा. गच्चीवरच्या साध्या अँटेनावर फक्त दूरदर्शन बघणाऱ्यांना आत्ता, २०१३ मध्ये, काहीच करायचं नाही, हा नियम केबलचा आहे.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना यात एकटं सोडू नका. त्यांच्यासाठी इतकी वर्षं टीव्ही म्हणजे एक रिमोट आणि पाठ झालेले नंबर, सहा दाबलं की हे, अकरा दाबलं की ते. आता रिमोट दोन, नंबर तीन-तीन आकडी आणि चुकून टीव्हीच्या रिमोटवर चॅनलचं बटण दाबलं गेलं की सगळा पडदा निळा, मग बिचारे आपण ऑफिसातून येईपर्यंत टीव्ही बंद करून बसतात. दुपारी एकट्या असणाऱ्या माणसाला मराठी बोलणं कानावर पडायची ती एकच सोय असते, इथे बाहेर तर सगळं हिंदी. तेव्हा एक रविवार द्या. टीव्ही एव्ही मोडवर, म्हणजे डब्ब्याच्या वायरीतून आलेलं चित्र दाखवायच्या सेटिंगवर, टाका आणि समजावून सांगा की टीव्हीच्या रिमोटचं फक्त चालू-बंदचं बटण आपलं, बाकी सगळं डब्ब्याच्या रिमोटने. पडदा निळा झालाच तर एव्हीचं बटण कुठलं, त्यावर लाल टिकली चिकटवून द्या. डब्ब्यात फेवरेटची सोय असते, त्यात त्यांचे पाच-सहा चॅनलच घाला. एका पुठ्ठ्यावर मोठ्या मराठी अक्षरांत चॅनलचं नाव आणि नंबर लिहून टीव्हीशेजारी लावा, नंबर बदलला की पुठ्ठाही बदला. लाइट जाऊन आली की डब्ब्याला परत सुरू व्हायला जरा वेळ लागतो, तेव्हा घाईने बटणं दाबायची नाहीत हेही सांगा. आणि त्यांच्याच हाताने तीन-चारदा करून घ्या, आपण करून दाखवलं आणि त्यांनी मान हलवली याला शिकवणं म्हणत नाहीत.

जुना टीव्ही काढणारच असाल तर तो भंगारवाल्याच्या गाडीवर टाकू नका, त्याच्या काचेत शिसं असतं. गेल्या वर्षी, १ मे २०१२ पासून, ई-कचऱ्याचे नियम लागू झालेत, नवीन टीव्ही ज्या दुकानातून घ्याल तिथे जुना परत घेतात का विचारा, किंवा चालू असेल तर ज्यांच्याकडे नाही अशा कुणाला द्या.

डब्बा बसवायला माणूस आला की त्याला लगेच जाऊ देऊ नका. यादीचा कागद काढा आणि एकेक चॅनल त्याच्यासमोर लावून बघा, जो दिसत नाही त्यासाठी त्यानेच तिथून फोन करायचा, कारण चालू करायचं काम कंट्रोल रूममधून होतं आणि कधी कधी थोडा वेळ लागतो, तोपर्यंत डब्बा चालूच ठेवायचा. मग सही. नंतर काही बंद पडलं तर केबलवाल्यासोबत कंपनीच्या टोल फ्री नंबरवरही तक्रार टाका, कार्डचा नंबर सांगा आणि तक्रारीचा नंबर मागून त्याच पावतीवर मागच्या बाजूला लिहून ठेवा.