डिफरन्शियल उघडण्यापूर्वी
मागील चाकांवर चालणाऱ्या स्पोर्ट्स कारचे आतले चाक वळणातून बाहेर पडताना नुसतेच गरगरू लागले, तर लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी, पण एकच चाक नुसते गरगरू न देणारी गिअरपेटी) कोणत्या प्रकारचे आहे हे आधी पाहावे. उदाहरणार्थ, अमेरिकेतील माझदा मियाटा या स्पोर्ट्स कारच्या १.६ लिटर गाड्यांत ते व्हिस्कस (दाट द्रवाने पकड देणारे), तर १९९४च्या १.८ लिटर मॉडेलपासून टॉर्सन (फक्त गिअरांच्या रचनेने पकड देणारे) असे. अर्थात, गाडी घेताना लिमिटेड-स्लिपचा पर्याय घेतलेला असेल तर.

पुढील चाकांना अडण्या लावून, मागील दोन्ही चाके उचलून गाडी स्टँडवर ठेवावी, हँडब्रेक सोडावा, गिअर न्यूट्रलमध्ये घ्यावा आणि एक चाक हाताने फिरवावे. दुसरे चाक सहज उलट दिशेने फिरले, तर व्हिस्कस किंवा क्लच (घर्षण-चकत्यांनी पकड देणाऱ्या) प्रकारातील पकड गेली आहे असे समजावे. टॉर्सनबाबत मात्र ही चाचणी निर्णायक नाही, कारण चाकावर भार नसताना ते साध्या डिफरन्शियलसारखे वागू शकते. (एकच चाक उचलून इंजिन गिअरमध्ये कधीही चालवू नये, गाडी जॅकवरून उडी घेते.)

क्लच प्रकारात मंद, तीव्र वळणावर कडकड आवाज येत असेल, तर आधी जुने तेल काढून योग्य फ्रिक्शन मॉडिफायर (चकत्यांचे घर्षण सौम्य करणारे मिश्रण) असलेले तेल घालून, मोकळ्या जागेत इंग्रजी आठच्या आकारात गाडी फिरवून पाहावी.