१ मेच्या आत: ऑनर्स आणि स्कॉलरशिपची पत्रं आल्यावर

१ मे म्हणजे आपला महाराष्ट्र दिन. अमेरिकेत बारावीतलं मूल असलेल्या घरात मात्र ती कॉलेजला होकार कळवून अनामत भरायची तारीख. तोवर टेबलावर तीन-चार पत्रं साठलेली असतात, कुठे ऑनर्स कॉलेजात, म्हणजे निवडक हुशार मुलांसाठी विद्यापीठातच चालवलेल्या वेगळ्या विभागात, निवड झालेली, कुठे वर्षाला अमुक हजार डॉलर मिळालेले. पुण्याला आजीला फोन करून झाला असेल, तर आता वही घेऊन बसा.

आधी स्कॉलरशिपचा आकडा झाकून ठेवा आणि आपल्या खिशातून किती जाणार ते काढा. फी, खोली, जेवण, पुस्तकं, आरोग्य विमा, सुट्टीत घरी यायचं विमानभाडं, सगळं धरून. समजा, एकीकडे वर्षाचा खर्च ६२ हजार आणि स्कॉलरशिप २८ हजार. दुसरीकडे खर्च ३८ हजार आणि स्कॉलरशिप फक्त ५ हजार. पहिल्या वर्षी फरक हजाराचा. पण स्कॉलरशिप सहसा आहे तिथेच थांबते आणि खर्च वाढत जातो. वर्षाला चार टक्के वाढ धरली, तर चौथ्या वर्षी हा फरक चार हजारांवर जातो आणि चार वर्षांत मोठ्या स्कॉलरशिपचं कॉलेज जवळजवळ दहा हजारांनी महाग पडतं. २८ हजारांचं पत्र फ्रिजवर लावायला छान दिसतं, एवढंच.

मग अटी वाचा, तीनदा वाचा. पैसे किती सेमिस्टर मिळणार, जीपीए (चारपैकी मोजली जाणारी गुणांची सरासरी) किती टिकवायचा, आणि एखादं सेमिस्टर घसरलं तर सुधारायला संधी आहे की थेट बंद? जॉर्जिया राज्याच्या झेल मिलर स्कॉलरशिपसाठी कॉलेजात ३.३ लागतो, तर होप स्कॉलरशिपला ३.० पुरतो. ऐकायला फरक छोटा वाटतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस आणि फिजिक्स एकदम अंगावर आलं की कळतो. मेजर, म्हणजे मुख्य विषय, बदलला तर काय, कंपनीत काम करायला एक सेमिस्टर बाहेर राहिलं तर काय, बाहेरून आणखी एखादी स्कॉलरशिप मिळाली तर ही तेवढी कापतात का, हेही विचारा. उत्तर ईमेलवरच घ्या. आमच्या मोठीच्या वेळी एका विद्यापीठातून फोनवर ‘हो, चालेल’ असं सांगितलं आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्याच बाईंनी ‘नाही’ म्हटलं. पहिल्या बाईंचं नावही आम्ही लिहून ठेवलं नव्हतं. आणि हो, फी आणि पुस्तकांपलीकडे, म्हणजे खोली-जेवणासाठी वापरलेल्या स्कॉलरशिपवर कर लागतो. एप्रिलमध्येच ते लक्षात ठेवा.

मूल एच-४ व्हिसावर, म्हणजे आई किंवा बाबांच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या आधारावर, असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी एकच चौकशी करा: ही स्कॉलरशिप नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांपुरती आहे का? केंद्र सरकारची (फेडरल) मदत एच-४वर मिळत नाही. इन-स्टेट फी, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांची कमी फी, लागू होते की नाही, हे राज्याराज्यावर ठरतं. शिवाय एकवीस वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो. म्हणजे साधारण तिसऱ्या वर्षी एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची धावपळ असणार. तेव्हा फी तीच राहील का, स्कॉलरशिप चालू राहील का, हे आजच विचारून ठेवा.

आता ऑनर्स. शब्द एकच, पण प्रत्येक ठिकाणी वस्तू वेगळी. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या बॅरेट ऑनर्स कॉलेजचा टेम्पीत स्वतःचा परिसर आहे, आणि ऑनर्सची वेगळी फीही आहे. ती वहीत मांडायला विसरू नका. न्यूयॉर्कच्या मकॉले ऑनर्स कॉलेजात राज्यातल्या मुलांची ट्यूशन फी माफ होते. ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठाचा प्लॅन टू हा ऑनर्स प्रोग्रॅम स्वतःच एक मेजर आहे. काही विद्यापीठांत ऑनर्स कॉलेज वेगळं आणि एखाद्या शाखेचा ऑनर्स प्रोग्रॅम वेगळा असतो, तेव्हा पत्र नेमकं कुठून आलंय ते बघा. पेन स्टेट विद्यापीठाच्या श्रायर ऑनर्स कॉलेजमध्ये शेवटी थीसिस लिहावाच लागतो.

माझ्या मते यातल्या दोनच गोष्टी खऱ्या कामाच्या: कोर्सची नोंदणी इतरांच्या आधी करायला मिळणं आणि थीसिससाठी मनापासून वेळ देणारा प्राध्यापक. नवीकोरी हॉस्टेलं, स्वागताचे टी-शर्ट, डीनबरोबर जेवण, हे सगळं पहिल्या वर्षापुरतं. म्हणून भेटीला जाल तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. तुमच्या मुलाच्या विषयात वरच्या वर्षांना ऑनर्सचे वर्ग खरंच भरतात, की साध्या वर्गात बसून एक जादा पेपर लिहिला की झालं? ही बोलणी मुलालाच करू द्या, आपण लांब कॉफी घेत बसावं. आई-बाबा शेजारी असले की ती मुलं माहितीपत्रकासारखी बोलतात.

शेवटी दोन कॉलेजांत अडलंच, तर जास्त आवडलेल्या कॉलेजाच्या फायनान्शियल एड ऑफिसला दुसरीकडचं पत्र जोडून नम्रपणे विचारा, रक्कम वाढवता येईल का. फार तर नाही म्हणतील. फक्त हा ईमेल एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत जाऊ दे. शेवटच्या आठवड्यात तिथे फोन उचलायलाही कोणी मोकळं नसतं.