पत्ता कुणी फोडला ते शोधा, मग ती वाट बंद करा

दुकानात किंवा नव्या अ‍ॅपवर ईमेल द्यावाच लागला, तर जीमेलच्या पत्त्यात @ च्या आधी अधिकचं चिन्ह आणि खुणेचा शब्द जोडा: तुमचंनाव+चप्पल@जीमेल.कॉम. खुणेचा शब्द इंग्रजी अक्षरांतच हवा. मेल नेहमीच्याच इनबॉक्समध्ये येतो. पुढे त्या पत्त्यावर कर्जाच्या जाहिराती आल्या, की पत्ता कुठून फुटला ते लगेच कळतं.

मग कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, कारण फोनच्या अ‍ॅपमध्ये फिल्टर, म्हणजे ठरावीक मेल आपोआप हटवणारा नियम, बनवता येत नाही. सेटिंग्जमध्ये नवा फिल्टर घ्या, 'टू'च्या चौकटीत तो पूर्ण पत्ता टाका, 'डिलीट इट' निवडा. काही वेबसाइट अधिकचं चिन्ह घेत नाहीत आणि काही स्पॅमर ते काढूनही टाकतात. म्हणून बँकेसाठी वेगळाच ईमेल ठेवा आणि तो दुसरीकडे कुठेही देऊ नका.

बाहेरची चित्रं आपोआप दिसणं सेटिंग्जच्या 'जनरल'मधून बंद कराच. जाहिरातीच्या मेलमध्ये बऱ्याचदा एका पिक्सेलचं, डोळ्यांना न दिसणारं चित्र असतं. ते लोड झालं की मेल उघडल्याची खबर पाठवणाऱ्याला जाते.

अनोळखी मेलमधली 'अनसबस्क्राइब'ची लिंकही दाबू नका. पत्ता चालू आहे, एवढंच त्यातून त्यांना कळतं. 'रिपोर्ट स्पॅम' दाबा.